हाड, स्नायू आणि दाह : एका शास्त्रीय वाक्याची चिकित्सा

१.

रायगड जिल्ह्यात पेणकडून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नागोठणे सोडल्यावर, निडी नावाचे लहानसे स्थानक लागते. प्रस्तुत लेखकाचे गाव ते. काही वर्षांपूर्वी तेथे एक आरोग्य-शिबिर भरले होते. त्यासाठी एका इंग्रजी टिपणावरून मराठी पत्रक तयार करून देण्याचे काम गावचा शिकलेला माणूस म्हणून लेखकाकडे आले, आणि भाषाशास्त्राच्या अध्यापकाला साजेशा आत्मविश्वासाने त्याने ते एका संध्याकाळी उरकले. त्या पत्रकात पुढील वाक्य होते : ‘हाडांतील संप्रेरके स्नायूपेशींतील दाह कमी करतात.’

दिवाळीत गावी गेल्यावर शेजारच्या एक वृद्ध काकी भेटल्या. गुडघा सुजलेला, चालताना ओढावा लागत असलेला. त्यांनी विचारले, “हाडाच्या गोळीने मांसातली आग जाते म्हणे, मग सुजेची गोळी वेगळी कशाला घ्यायची?” डॉक्टरांनी सुजेवर दिलेले औषध त्यांनी दोन महिन्यांपासून बंद केले होते आणि हाडांसाठी म्हणून मिळणारी चुन्याची गोळी तेवढी चालू ठेवली होती. पत्रक त्यांच्या नातीने त्यांना वाचून दाखविले होते. डॉक्टरांकडे पुन्हा नेल्यावर औषध सुरू झाले, हे खरे; तथापि वाक्य लिहिणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही.

शास्त्रीय मराठीवर आपण जी टीका करतो ती बहुधा दुसऱ्यांच्या लेखनावर असते. येथे चिकित्सेचा विषय लेखकाचे स्वतःचेच वाक्य आहे. ह्या प्रकारच्या लेखनातील दोष परिभाषेच्या कठीणपणात आहेत, असे आपण सामान्यतः मानतो. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेचा जो वाद चालत आला आहे, तो संस्कृतोद्भव शब्द की रूढ इंग्रजी शब्द ह्याच एका प्रश्नाभोवती मुख्यतः फिरला. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य त्याहून वेगळे आहे. वरील वाक्यात सहा पदे आहेत. त्यांतील एकही पद कोशाच्या दृष्टीने चुकलेले नाही; आणि तरीही वाक्य चुकलेले आहे. दोष संज्ञांत थोडा आणि विभक्ती, वचन व काळ ह्यांत अधिक आहे, हे क्रमाने दाखवावयाचे आहे.

२.

प्रथम ‘हाडांतील’ हे पद घेऊ. मराठी भाषकाच्या मनातील हाड कसे आहे हे त्याच्या वाक्प्रचारांवरून कळते. हाडामांसाचा माणूस, हाडाचा शेतकरी, हाडवैर, हाडाची काडे करणे, एखादी गोष्ट हाडीमाशी खिळणे, ह्या सर्वांत हाड म्हणजे काहीतरी खोल, टिकाऊ आणि सहसा न बदलणारे आहे. ते भार घेते, झिजते, मोडते. परंतु ते बोलत नाही. शालेय पुस्तकांतून शिकविली जाणारी अस्थिसंस्थाही ह्याला पोषकच असते. सांगाडा म्हणजे घराचे खांब आणि वासे, ही उपमा आपल्याला शिक्षकांकडून मिळते आणि आपण ती पुढे देतो.

गेल्या काही दशकांतील संशोधनाने ह्या समजुतीस धक्का दिला. हाड घडविणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचे एक छोटे प्रथिन तयार करतात. माणसात ते ४९ अमिनो आम्लांचे असते. १९७० च्या दशकात त्याचा शोध लागला तेव्हा ते हाडाच्या खनिजाशी संबंधित असावे असे मानले गेले, आणि कॅल्शियम धरून ठेवण्याच्या गुणावरून त्याला हे नाव मिळाले. २००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील जेरार्ड कार्सेन्टी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की हे प्रथिन रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत जाते आणि इन्शुलिनच्या निर्मितीस चालना देते. त्यापूर्वी, २००० मध्ये, एफ.जी.एफ.-२३ ह्या द्रव्याचा उलगडा झाला होता. हाडातून निघून मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकावयास लावणारे हे द्रव्य आज निर्विवादपणे संप्रेरक मानले जाते. सारांश, खांबाला वाचा आहे असे दिसू लागले.

आता ऑस्टिओकॅल्सिनच्या रचनेतील एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे, कारण आपल्या विभक्तीचा दोष तेथेच उघडा पडतो. ह्या प्रथिनातील तीन ठिकाणी क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्वाच्या साह्याने कार्बॉक्सिल गट जोडले जातात. ते जोडले गेले म्हणजे प्रथिनास हाडातील खनिजाची ओढ लागते आणि ते हाडात रुतून बसते. ज्या रेणूंवर हे गट अपुरे असतात त्यांची ही ओढ क्षीण असते; ते रक्तात अधिक सहजपणे राहतात, आणि संप्रेरकाचे कार्य करते ते हेच रूप, असे कार्सेन्टींच्या पक्षाचे म्हणणे आहे. म्हणजे जे हाडात आहे ते संप्रेरक नव्हे. जे हाड सोडून निघाले ते संप्रेरक. ‘हाडांतील’ ह्या रूपाने नेमका जो भाग कामाचा नाही त्याचा निर्देश झाला. येथे अधिकरण नको होते, अपादान हवे होते; ‘हाडांतील’ नव्हे, ‘हाडांतून रक्तात येणारी’. कारकविचार हा व्याकरणाच्या तासापुरता विषय आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे. काकींनी ‘हाडांतील’ ह्यावरून हाड भक्कम करण्याची गोळी हा अर्थ काढला, तो त्या विभक्तीस धरूनच होता. ‘कॅल्सिन’ आणि ‘कॅल्शियम’ ह्यांतील साम्य त्या अर्थाच्या मदतीस आले असेल तर नवल नाही. नावे ही बहुधा वस्तूचा पहिला परिचय कसा झाला हे सांगतात, तिचे कार्य सांगत नाहीत.

ह्याच संदर्भात एका मोहाचाही उल्लेख केला पाहिजे. हाड आणि मांस ह्यांचा परस्परसंबंध म्हटल्याबरोबर आयुर्वेदातील सप्तधातूंची आठवण काढून, हे सर्व आपल्याकडे पूर्वीच ज्ञात होते, असे म्हणण्याकडे कित्येकांचा कल असतो. परंतु रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र ह्या क्रमात पोषणाचा ओघ मांसाकडून मेदाच्या द्वारे अस्थीकडे जातो. आजचे विधान अस्थीकडून मांसाकडे जाणाऱ्या निरोपासंबंधीचे आहे. दोन्हींची दिशा भिन्न, प्रमाणपद्धतीही भिन्न. प्राचीन विचाराचा आदर त्याला त्याच्या जागी समजून घेण्यात आहे. आधुनिक विधानाच्या पाठीशी त्याला उभे करण्यात नाही.

३.

‘संप्रेरक’ हा शब्द मात्र उत्तम आहे. बेलिस आणि स्टार्लिंग ह्यांनी १९०२ मध्ये सिक्रीटिन शोधून काढले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम योजला. चालना देणे, उद्युक्त करणे ह्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो बनविला आहे. ‘सम्’ आणि ‘प्र’ हे उपसर्ग व ‘ईर्’ हा गत्यर्थक धातू ह्यांपासून सिद्ध झालेला आपला शब्द त्या अर्थाशी प्रामाणिक आहे. वाईच्या विश्वकोशात वैद्यकीय नोंदींतून ‘हॉर्मोन’ हेच रूप पत्करलेले दिसते, तर शालेय पुस्तकांतून ‘संप्रेरक’ रूढ झाले. दोन्ही रूपे चालू आहेत आणि त्यांनी कोणाचे अडले आहे असे नाही.

तरीही ह्या शब्दात एक सूक्ष्म पक्षपात आहे. प्रेरणा म्हटली की ती वरून खाली येते आणि काही करावयास लावते. परंतु अनेक संप्रेरके काही थांबवितातही. ही अडचण इंग्रजीतही जाणवली होती, आणि शेफर ह्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने थांबविणाऱ्या द्रव्यांसाठी निराळी संज्ञा सुचविली होती. ती टिकली नाही. आज संशोधनात जे चित्र आहे ते आज्ञेपेक्षा पत्रव्यवहाराला अधिक जवळचे आहे, कारण स्नायूही हाडाला उत्तर देतो. त्याकडे पुढे येऊ.

खरा दोष ‘संप्रेरके’ ह्या बहुवचनात आहे. मराठीत असे विशेषणरहित बहुवचन कर्त्याच्या स्थानी आले की ते सबंध जातीचे वाचक होते. ‘वटवाघळे रात्री उडतात’ म्हणजे काही वटवाघळे नव्हे. त्यामुळे आपल्या वाक्याने हाडातून निघणाऱ्या एकूण एक द्रव्यांना दाहशामक ठरविले. वस्तुस्थिती ह्याच्या बरीच विरुद्ध आहे. हाडातील पेशी रँकल नावाचे एक प्रथिन निर्माण करतात. हाड पोखरणाऱ्या पेशींची घडण त्यावर अवलंबून असते. ह्या विषयाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील मोहन वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे दाखविले, की इंटरल्यूकिन-३ हे द्रव्य रँकलमुळे होणारी ह्या पेशींची घडण रोखून त्यांच्या पूर्वज-पेशींना दुसऱ्याच मार्गाला लावते. हे रँकल स्नायूंना मात्र अपायकारक ठरते असे दिसते. ज्या उंदरांत त्याचे प्रमाण वाढविलेले होते त्यांचे स्नायू दुर्बल झाले, आणि ते अडविल्यावर बळ सुधारले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कॅनडातील संशोधकांनी स्नायुक्षयाने ग्रस्त उंदरांत रँकलला विरोध करणारे औषध दिले असता स्नायूंतील दाह कमी झाल्याचे नमूद केले. म्हणजे येथे दाह कमी झाला तो हाडाच्या निरोपामुळे नव्हे. तो निरोप अडविल्यामुळे. तसेच कर्करोग हाडात पसरला असता, झिजणाऱ्या हाडातून सुटणारे टी.जी.एफ.-बीटा हे द्रव्य दूरच्या स्नायूंना दुबळे करते, असे २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. हाडाच्या ह्या सर्व पत्रांचा मजकूर एकच आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

४.

‘स्नायूपेशी’ ह्या समासाचा इतिहास भाषाभ्यासकाला विशेष मनोरंजक वाटेल. संस्कृत वैद्यकात ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारा चिवट तंतू, आणि ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुताच्या शारीरस्थानात स्नायूंची संख्या ९०० आणि पेशींची ५०० दिली आहे. म्हणजे आज आपण ज्याला स्नायू म्हणतो त्याला सुश्रुत पेशी म्हणतो. हिंदीने ‘पेशी’ हा शब्द मांसासाठीच राखला, ‘स्नायु’ मज्जातंतूंकडे नेला आणि शरीराच्या सूक्ष्म घटकास ‘कोशिका’ म्हटले. मराठीने ‘स्नायू’ मांसाला दिला आणि ‘पेशी’ त्या सूक्ष्म घटकाला. परिणामी ‘स्नायूपेशी’ हा आपला निर्दोष शब्द हिंदी वाचकाला मज्जातंतू व मांस ह्यांचा विचित्र संकर वाटेल. आणि हिंदीतून उतरविलेल्या जाहिरातींतून मराठीत शिरलेला ‘मांसपेशी’ हा शब्द मराठी वाचक मांसाची सूक्ष्म पेशी असा समजेल, जेव्हा लिहिणाऱ्याला अख्खा स्नायू अभिप्रेत असतो. दोन भगिनी भाषा एकाच पेटीतील शब्द घेऊन निरनिराळ्या वस्तूंवर लावतात तेव्हा असे घडते. आपल्या अनुवादकांनी ह्या दोन शब्दांवर खूण करून ठेवणे इष्ट आहे.

बोलीला ह्या घोळाशी कर्तव्य नाही. तिला दंडात बेटकुळी दिसते, पायात पोटरी दिसते. लॅटिन भाषकाला त्याच दंडात लहानसा उंदीर दिसला आणि त्यावरून इंग्रजीतील ‘मसल’ हा शब्द आला. आपल्याला बेडकाचे पिल्लू दिसले. त्वचेखाली काहीतरी जिवंत हलते आहे, ही जाणीव मात्र दोन्हीकडे समान आहे.

शास्त्राच्या दृष्टीने येथे दुसरीच गोष्ट महत्त्वाची. पूर्ण वाढलेला स्नायूतंतू हा अनेक पेशी एकमेकींत मिसळून झालेला, पुष्कळ केंद्रके असलेला लांब घटक असतो. प्रयोगशाळेत ज्यांना ‘स्नायूपेशी’ म्हणून वापरतात त्या बहुधा एखाद्या पेशीवंशाच्या असतात. त्यांतील सुप्रसिद्ध सी-२-सी-१२ हा वंश याफे आणि सॅक्सेल ह्यांनी १९७७ मध्ये उंदराच्या स्नायूपासून सुरू केलेल्या पेशींतून आलेला आहे. काचेच्या थाळीत वाढणाऱ्या, रक्तपुरवठा नसलेल्या, हाडाला न जोडलेल्या आणि कधी भाताची लावणी न केलेल्या ह्या पेशी. त्यांच्यावर केलेले प्रयोग निरुपयोगी नाहीत. एक एक धागा वेगळा काढून पाहावयाचा तर दुसरा मार्ग नाही. पण पत्रकातील ‘स्नायूपेशी’ हा शब्द वाचणारा माणूस आपल्या मांडीचा विचार करतो, थाळीचा करीत नाही.

५.

ह्या वाक्याचे मर्म ‘दाह’ ह्या शब्दात आहे, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे अगत्याचे आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील ह्या कल्पनेचे नाव ‘पेटणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. पहिल्या शतकातील सेल्ससने तिची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे सांगितली. कार्यहानी हे पाचवे लक्षण पुढे जोडले गेले. मराठीने ह्या कल्पनेसाठी दोन शब्द वापरले. एक ‘दाह’, जो उष्णतेकडे पाहतो. दुसरा ‘शोथ’, जो सुजेकडे पाहतो. चरकाच्या सूत्रस्थानातील अठरावा अध्याय शोथाविषयीच आहे. विश्वकोशातील नोंदींत ‘शोथ’ हा शब्द योजून त्याची फोड दाह आणि सूज ह्या दोहोंनी करण्याची रीत दिसते. ती विवेकाची आहे, कारण दोन्ही शब्द एकट्याने अपुरे आहेत हे तिला ठाऊक आहे.

परंतु आज जीवशास्त्रज्ञ ज्याला हे नाव देतात त्यात कित्येकदा आगही नसते आणि सूजही नसते. रक्तात काही विशिष्ट संदेशवाहक प्रथिनांची पातळी दीर्घकाळ किंचित वाढलेली असते, एवढेच. ते रोग्याला जाणवत नाही. ते मोजावे लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे युडकिन ह्यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा दाहकारक प्रथिनांचे प्रमाण शहरी भारतीयांच्या रक्तात अधिक आणि ग्रामीण भारतीयांत तसे नसल्याचे दाखविले होते. मधुमेह आणि हृद्रोग ह्यांच्या वाढीची ती एक संभाव्य उपपत्ती म्हणून मांडली गेली. ह्या अर्थाचा दाह आणि काकींच्या गुडघ्यातील दाह ह्यांत नाते असेल, पण ती एकच वस्तू नव्हे. एकाला हात लावला तर चटका बसतो. दुसरा आकडेवारीत असतो. आपण दोहोंना एकच शब्द दिला, आणि साहजिकच वाचणाऱ्याने तो आपल्याला जाणवणाऱ्या वस्तूला लावला. काकींनी ‘दाह’चे ‘आग’ केले. त्यांचे भाषांतर माझ्यापेक्षा अचूक होते. चूक मूळ वाक्यात होती.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आग ही विझवावयाची असते. ‘दाह’ म्हटल्याबरोबर तो शत्रू ठरतो आणि त्याला कमी करणारा मित्र. परंतु जखम भरण्याच्या कामात दाहाचा वाटा असतो. श्रमाने सूक्ष्म इजा झालेला स्नायू सुधारण्यासाठी रक्तातील रक्षक पेशी प्रथम तेथे याव्या लागतात. पावसाळ्यात लावणी केल्यावर अंग आंबते असे आपण म्हणतो. ‘आंबणे’ ह्या क्रियापदात विझविण्याची सूचना नाही. काहीतरी घडत आहे, काही वेळाने ते पुरे होईल, अशी समजूत आहे. मुरणाऱ्या वस्तूला आपण घाईने हलवीत नाही. शरीरक्रियेच्या दृष्टीने हे क्रियापद ‘दाह’ ह्या नामापेक्षा काही वेळा सत्याच्या अधिक जवळ जाते.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण इंटरल्यूकिन-६ ह्या प्रथिनाचे आहे. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या प्रयोगशाळांना ते वेगवेगळ्या कामांत गुंतलेले आढळले आणि प्रत्येकीने त्याला आपापले नाव दिले. नंतर ते एकच असल्याचे कळले आणि सध्याचे नाव ठरले. त्या नावाचा अर्थ ‘श्वेतपेशींमधील’ असा आहे. हेच प्रथिन दाहाचे चिन्ह म्हणून रुग्णालयांत मोजले जाते. पण पुढे असे लक्षात आले, की आकुंचन पावणारा स्नायू स्वतः ते निर्माण करतो, आणि दीर्घ व्यायामात त्याची रक्तातील पातळी शंभर पटींपर्यंतही वाढू शकते. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन ह्यांनी दाखविले, की अशा वेळी त्याच्या मागोमाग दाह आवरणारी द्रव्येही वाढतात. म्हणजे एकच प्रथिन एका प्रसंगी दाहाचा दूत आणि दुसऱ्या प्रसंगी श्रमाचा.

आता हाडाकडे परत येऊ. २०१६ मध्ये कार्सेन्टींच्या गटाने असे प्रतिपादन केले, की व्यायामाच्या वेळी ऑस्टिओकॅल्सिन उंदराच्या स्नायूतंतूंना शर्करा व मेदाम्ले वापरण्यास मदत करते, आणि त्याच वेळी त्या स्नायूंत इंटरल्यूकिन-६ ची निर्मिती वाढविते. हे इंटरल्यूकिन-६ उलट हाडाकडे जाऊन आणखी ऑस्टिओकॅल्सिन मोकळे करविते. २०२० मधील त्यांच्या पुढील अभ्यासाने ह्या उत्तराला पुष्टी दिली. हा तो पत्रव्यवहार. आता आपले वाक्य पुन्हा वाचावे. ज्या प्रथिनाला एरवी दाहाचे चिन्ह समजतात तेच हाडाच्या संप्रेरकाने स्नायूत वाढले, आणि ते हितकारक ठरले. मग ह्या संप्रेरकाने दाह कमी केला की वाढविला? उत्तर असे, की प्रश्नच नीट विचारलेला नाही. कोणत्या स्नायूत, श्रमाच्या वेळी की विश्रांतीत, निरोगी प्राण्यात की रोग्यात, किती काळ, हे सांगितल्याशिवाय ‘दाह’ हे नाम ‘कमी करणे’ ह्या क्रियेचे कर्म होऊ शकत नाही.

६.

राहिले ‘कमी करतात’. मराठीतील साधा वर्तमानकाळ हा पुष्कळदा वर्तमानकाळ नसतोच. तो नित्यत्वाचा वाचक असतो. सूर्य पूर्वेस उगवतो, आंबे वैशाखात पिकतात, संप्रेरके दाह कमी करतात. एका थाळीतील प्रयोग आणि सूर्याचा उदय ह्यांना व्याकरणाने एकाच पंक्तीला बसविले. ज्या इंग्रजी टिपणावरून लेखकाने पत्रक तयार केले, ते त्याने नंतर पुन्हा काढून वाचले. त्यात प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींचा स्पष्ट उल्लेख होता आणि क्रियापदाला शक्यतेचा शब्द जोडलेला होता. दोन्ही गोष्टी मराठीत गळाल्या. त्या गाळण्यात लबाडी नव्हती. वाक्य सुटसुटीत व्हावे ही इच्छा होती. सुटसुटीतपणाची किंमत दुसऱ्याने भरली.

ही शक्यता गाळणे किती गैर होते हे पुढील घटनेवरून ध्यानात येईल. २०२० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ऑस्टिओकॅल्सिनचा अभाव असलेले नवे उंदीर तयार करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक गट अमेरिकेतील, दुसरा जपानमधील. अंतःस्रावी स्वरूपाचे जे बिघाड पूर्वीच्या अशा उंदरांत वर्णिलेले होते ते ह्या नव्या उंदरांत आढळले नाहीत. जपानी गटाच्या मते हे प्रथिन हाडातील खनिजाच्या स्फटिकांची मांडणी नीट राहण्यासाठी आवश्यक आहे. शर्करेचा विनियोग वा स्नायूंचे वस्तुमान ह्यांसाठी नाही. उंदरांचा वंश, जनुक काढण्याची पद्धत, मापनाची रीत ह्यांपैकी कशामुळे हा फरक पडला, ह्यावर वाद चालू आहे. शास्त्रात असा वाद हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. पण जो प्रश्न प्रयोगशाळांत अद्याप मिटलेला नाही तो निडीच्या पत्रकात नित्य वर्तमानकाळाने मिटवून टाकला गेला.

आपल्या भाषेत ह्यासाठी साधने नाहीत असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. ‘करतात’, ‘करीत असावीत’, ‘करू शकतात’, ‘केल्याचे आढळले’, ‘करतात असे दिसते’, ‘करतात म्हणे’ ह्या रूपांत बोलणाऱ्याच्या खात्रीच्या आणि ज्ञानाच्या उगमाच्या निरनिराळ्या पायऱ्या स्वच्छ दिसतात. ह्यांतील ‘म्हणे’ हा निपात तर विशेष लक्षणीय आहे. हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, एवढे सगळे तो दोन अक्षरांत सांगतो. काकींच्या प्रश्नात तो होता. त्यांनी पत्रकातील विधान पुन्हा उच्चारताना त्याला न मागता ‘म्हणे’ जोडले, आणि खात्री करून घेण्यासाठी विचारले. शास्त्रीय वृत्ती ह्याहून निराळी काय असते? ती त्या प्रश्नात होती, पत्रकात नव्हती.

७.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पत्रकात जागा थोडी असते, वाचक घाईत असतो. इतक्या अटी घालून लिहिलेले कोण वाचील? आक्षेप पोकळ नाही. वरील चिकित्सेनुसार ते वाक्य पुन्हा लिहावयाचे तर ते असे होईल : ‘हाडांतून रक्तात येणाऱ्या काही द्रव्यांचा स्नायूंवर परिणाम होतो असे उंदरांवरील व प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवरील प्रयोगांत आढळले आहे, त्यांतील काही द्रव्ये स्नायूंना उपकारक असावीत, काही अपायकारक, माणसांच्या बाबतीत ह्यावरून औषधोपचार ठरविता येत नाही.’ सहा पदांचे वाक्य तिशीच्या पलीकडे गेले. त्यात एकही कठीण पारिभाषिक शब्द उरलेला नाही, हे मात्र पाहावे. लांबी वाढली ती परिभाषेमुळे नव्हे, सत्यामुळे वाढली.

आणि एवढे लांब वाक्य पत्रकात बसत नसेल, तर त्याचा अर्थ ते छोटे करावे असा होत नाही. ते त्या पत्रकात असू नये असा होतो. गुडघा सुजलेल्या माणसाला त्या दिवशी त्याची गरज नव्हती. दिलेले औषध विचारल्यावाचून बंद करू नये, हे एक वाक्य पुरेसे होते, आणि ते लेखकाने लिहिलेच नव्हते. काय लिहावे ह्याचा निर्णय कसे लिहावे ह्याच्या आधी करावा लागतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. स्वतः अनुवादास बसल्यावर विसरतो.

मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांपुढे आता संज्ञांची टंचाई नाही. कोश झाले, विश्वकोश झाला, जे शब्द नव्हते ते आले किंवा उसने घेतले गेले आणि रुळले. उरलेले काम वाक्याचे आहे : कोठून आणि कोठे हे सांगणारी विभक्ती, काही की सर्व हे सांगणारे वचन, आणि किती खात्रीने हे सांगणारा काळ. ही तीन साधने मराठी भाषकाला शिकवावी लागत नाहीत. तो ती घेऊनच वाढतो. शास्त्रीय लेखनाच्या उंबरठ्यावर आपण ती बाहेर काढून ठेवतो, हा आपला दोष आहे. लेखकापुरते बोलावयाचे, तर त्या पत्रकानंतर त्याने एक नियम केला आहे. कोणतेही शास्त्रीय विधान मराठीत लिहिल्यावर त्याच्या शेवटी मनातल्या मनात ‘म्हणे’ जोडून पाहावयाचे. जोडल्यावर वाक्य ओशाळत असेल, तर ते तसेच पुढे जाऊ द्यावयाचे नाही.